आगगाडीचें शेवटचें ठाणें कोणतें ?

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्याच्या १७ तारखेस, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनीं, बीड शहरांतून पहिली प्रवासी आगगाडी अहिल्यानगरकडे सुटली. ज्या जिल्ह्यांतील दोन पिढ्यांनीं 'बीडची रेल्वे' हे शब्द बहुधा थट्टेनेंच ऐकिले, त्या जिल्ह्यास तो दिवस सणासारखा वाटला यांत नवल नाहीं. आम्हीही त्या आनंदाचे वांटेकरी आहों. परंतु आनंदाचा भर ओसरल्यावर एक प्रश्न शिल्लक राहतो व त्याचा विचार शेतकरी वर्गानें आतांच करणें अवश्य आहे. तो प्रश्न असा कीं, ह्या गाडीचें शेवटचें ठाणें कोणतें असावें ?

कागदोपत्रीं याचें उत्तर ठरलेलें आहे व तें परळी वैजनाथ हें होय. लोकांच्या बोलण्यांत मात्र निराळीं उत्तरें ऐकूं येतात. "गाडी बीडला आली, काम झालें," असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. कांहीं व्यापारी तर याही पुढें जाऊन, बीड हेंच टोक राहील तर शहराच्या पेठेचा फायदाच आहे, असें उघड बोलतात. उलट वडवणी, तेलगांव, सिरसाळा या बाजूचे शेतकरी, आपल्या जमिनी घेऊन आपणांस वाऱ्यावर सोडणार कीं काय, असें चिंतेनें विचारतात. या तिन्ही बोलण्यांचा शांतपणें विचार व्हावा म्हणून हा लेख लिहिला आहे.

प्रथम या मार्गाची हकीकत थोडक्यांत सांगतों. अहिल्यानगर-बीड-परळी हा सुमारें २६१ किलोमीटरांचा मार्ग सन १९९५-९६ च्या सुमारास मंजूर झाला. तेव्हां त्याचा खर्च साडेतीनशें कोटींच्या आसपास धरला होता. पुढें तो वाढत वाढत सुमारें ४,८०० कोटींपर्यंत गेला. खर्चाचा अर्धा वांटा राज्य सरकारनें उचलावा असें ठरलें, आणि त्यासाठीं कै. गोपीनाथ मुंडे यांच्यासारख्या पुढाऱ्यांनीं दीर्घकाळ खटपट केली. २०१७ मध्यें रूळ नारायणडोहपर्यंत म्हणजे अवघे १२ किलोमीटर आले. २०१९ मध्यें सोलापूरवाडीपर्यंत आले. आणि २०२२ च्या सप्टेंबरांत आष्टीपर्यंतच्या ६६ किलोमीटरांवर प्रवासी गाडी धांवूं लागली. पुढें अमळनेर, विघनवाडी, राजुरी अशीं ठाणीं घेत ती बीडला पोंचली. बीडला गाडी आली तेव्हां सुमारें १६७ किलोमीटरांचें काम पुरें झालें असून परळीपर्यंतचे सुमारें ९४ किलोमीटर राहिले होते.

या हकीकतींतून एक गोष्ट ध्यानांत येते. गेल्या कांहीं वर्षांत ह्या गाडीचें टोक अनेकदां बदललें. प्रत्येक वेळीं तें टोक जेथें पैसा सरला किंवा जेथपर्यंत भूसंपादन आटोपलें तेथें पडलें. तेथें गाडी थांबावी असें कोणी विचारपूर्वक ठरविलें नव्हतें. नारायणडोहला थांबलेल्या गाडीचा कोणास कांहीं उपयोग झाला नाहीं. आष्टीला थांबलेल्या गाडीस उतारू थोडे मिळाले. आष्टीच्या माणसास पुण्यास जावयाचें असेल तर तो एस. टी. नें थेट जातो. अहिल्यानगरला उतरून दुसऱ्या गाडीची वाट पाहण्याचें त्यास कारण नव्हतें. बीडच्या माणसानेंही आधीं आष्टी गांठून मग गाडींत बसावें असें घडणें शक्य नव्हतें. यावरून गाडी निरुपयोगी असा निकाल कांहींनीं घाईनें दिला. खरा दोष टोकाच्या जागेचा होता.

रेल्वेचें टोक कोठें असावें याचा नियम शेतकऱ्यास परका नाहीं. कालव्याचे वेळीं तो हाच विचार करतो. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा सुमारें १३२ किलोमीटर वाहत येऊन माजलगांवच्या जलाशयांत मिळतो. त्याचें शेपूट कोरड्या माळावर संपत नाहीं. तें दुसऱ्या साठ्यांत पडतें, आणि त्या साठ्यांतून माजलगांवचा कालवा पुन्हां निघून पुढच्या शिवारांस पाणी देतो. याउलट जी चारी कोणाच्या तरी बांधाशीं आंधळी होऊन संपते तिची दशा आपण सर्वांनीं पाहिली आहे. टंचाईंत तिच्या टोकास पाणी पोंचत नाहीं, आणि सुकाळांत तेथें पाणी सांचून जमीन चिबड होते. रेल्वेचेंही असेंच आहे. तिचें टोक दुसऱ्या रेल्वेस किंवा दुसऱ्या मोठ्या रहदारीस मिळालें तर ती वाहती राहते. मध्येंच आंधळें झालें तर तिजवर तेवढ्याच गांवांपुरत्या गाड्या चालतात व त्याही तोट्यांत.

आतां बीडच्या मार्गास हें माप लावून पाहूं. पश्चिमेस हा मार्ग अहिल्यानगर येथें दौंड-मनमाड मार्गास मिळतो. पूर्वेस परळीला तो मिळेल तेव्हां एका बाजूनें परभणी आणि दुसऱ्या बाजूनें विकाराबाद-सिकंदराबाद अशी वाट खुली होईल. म्हणजे पुण्याकडून हैदराबादकडे व नांदेड-परभणीकडून पुण्याकडे जाण्यास एक नवी वाट बीडवरून निघेल. मग बीडला थांबणाऱ्या गाड्या केवळ बीडच्या उतारूंवर अवलंबून राहणार नाहींत. परक्या मुलखाची रहदारी आपल्या दारावरून जाईल व तिच्यांत आपलाही माल आणि आपलींही माणसें चढतील. आज काय स्थिति आहे ? मार्ग सुरू झाला तेव्हांच्या वेळापत्रकाप्रमाणें बीड-अहिल्यानगर गाडीस सुमारें साडेपांच तास लागतात. एस. टी. तेंच अंतर याहून बऱ्याच कमी वेळांत तोडते. एकाच जिल्ह्यापुरत्या आंधळ्या फांट्यावर वेगवान गाड्या घालण्यास रेल्वेखातें सहसा उत्सुक असत नाहीं. थेट मार्ग झाला म्हणजे तें कारण आपोआप उत्पन्न होतें.

बीड हेंच टोक राहावें असें म्हणणाऱ्यांचें म्हणणें आम्हीं तुच्छ लेखीत नाहीं. त्यांच्या बोलण्यांत अनुभवाचा कांहीं अंश आहे. जेथें रूळ संपतो तेथें माल उतरतो, गाड्या भरतात, हमालांस काम मिळतें, खाणावळी चालतात. बार्शी हें याचें जवळचें उदाहरण होय. कॅल्थ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें उभारलेली अरुंदमापी बार्शी लाईट रेल्वे १८९७ सालीं कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली. त्या वेळीं निजामाच्या मुलखांतील कापूस व गळिताचीं धान्यें बैलगाड्यांनीं बार्शीस येत, आणि बार्शीची पेठ भरभराटीस आली. केज-अंबाजोगाईकडील गाड्याही तिकडे जात. परंतु १९११ सालीं तीच रेल्वे लातूरपर्यंत गेली. लातूरच्या बाजूचा माल लातुरासच गाडींत चढूं लागला आणि लातूर मोठी बाजारपेठ झाली. पुढें १९२७ सालीं ह्याच रेल्वेचें दुसरें अंग मिरजेपर्यंत पोंचलें.

यांतून दोन धडे निघतात. पहिला हा कीं, टोकाची जागा ही कोणत्याही गांवाची कायमची इस्टेट नव्हे. तेथें मिळणारी मिळकत दुसऱ्याच्या अडचणींतून उत्पन्न होते. अडचण दूर झाली कीं ती जाते. दुसरा हा कीं, टोक पुढें गेल्यानें बार्शी बुडाली नाहीं. आजही बार्शीची बाजारसमिती नांवाजलेली आहे; कारण तिच्या आसपासचें शिवार तिचेंच राहिलें. बीडच्या पेठेचेंही शिवार कोणी नेत नाहीं. वडवणीच्या शेतकऱ्यानें आपलें सोयाबीन वडवणीलाच गाडींत भरलें तर बीडच्या कांहीं अडत्यांची थोडी अडत बुडेल हें खरें. पण वडवणीचा शेतकरी हाही ह्याच जिल्ह्याचा आहे, आणि वाहतुकीचा वांचलेला पैसा ह्याच जिल्ह्याच्या बाजारांत खर्च होईल.

रेल्वे दुसरीकडून गेली म्हणजे काय होतें हेंही आपणांस ठाऊक आहे. निजामाच्या राज्यांत मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा मार्ग १९०० सालच्या सुमारास सुरू झाला. तो औरंगाबाद (आतांचें छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी, नांदेड असा गेला. ज्या पेठा त्या मार्गावर होत्या त्यांचा व्यापार वाढला. बीड त्या मार्गापासून दूर राहिलें, आणि एका शतकाहून अधिक काळ आपल्या जिल्ह्याचा माल व आपले ऊसतोड मजूर हे सर्व रस्त्यावरच अवलंबून राहिले. परळीस निजामी अमलांतच रेल्वे आली, तरी जिल्ह्याच्या एका कोपऱ्यांत असल्यामुळें तिचा लाभ आष्टी-पाटोद्यापर्यंत कधींच पोंचला नाहीं. आज आष्टीचें टोक आणि परळीचें टोक एकमेकांस जोडण्याची संधि प्रथमच आली आहे. ती अर्ध्यावर सोडणें म्हणजे विहीर पाण्याजवळ आली असतां खोदाई थांबविण्यासारखें होय.

शहरांतल्या रेल्वेवरूनही हीच गोष्ट शिकतां येते. पुण्याची मेट्रो प्रथम पिंपरी-चिंचवडकडून स्वारगेटपर्यंत आंखण्यांत आली. स्वारगेटपर्यंतचा शेवटचा भाग २०२४ च्या सप्टेंबरांत उघडला. टोक एस. टी. च्या मोठ्या स्थानकाशीं आल्यामुळें तें अगदींच चुकीचें नव्हतें. पण मार्केट यार्ड, जेथें आपल्या जिल्ह्यांतील सीताफळें व भाजीपालाही जातो, तें त्याच्या थोडें पुढें राहिलें. आणि कात्रजची दाट वस्ती त्याहून पुढें. म्हणून तोच मार्ग सुमारें साडेपांच किलोमीटर पुढें नेऊन मार्केट यार्ड व कात्रजपर्यंत वाढविण्यास केंद्र सरकारनें २०२४ च्या ऑगस्टांत मंजुरी दिली, व तेवढ्यासाठीं २,९०० कोटींहून अधिक खर्च धरला. मुंबईच्या पहिल्या मेट्रोचें टोक २०१४ सालीं घाटकोपरला ठेवलें, कारण तेथें मध्य रेल्वेची लोकल मिळते. ती मेट्रो पहिल्यापासून उतारूंनीं भरून चालते. जें पुण्या-मुंबईस समजतें तें बीडच्या बाबतींत रेल्वेखात्यास समजूं नये असें नाहीं. पण तेथील लोक मागणी आंकडे दाखवून करतात, आणि आपण ती भाषणांत करतों.

आतां जमिनीची बाजू पाहूं. ती आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची आहे. रेल्वेसाठीं जमीन जाते म्हणजे केवळ तेवढे गुंठे जातात असें नाहीं. पट्टा तिरपा गेला म्हणजे गटाचे दोन तुकडे होतात. विहीर एकीकडे आणि पीक दुसरीकडे राहतें. बैलगाडीची वाट मोडते. ओढ्याचा प्रवाह भरावानें अडला तर वरच्या शेतांत पाणी तुंबतें. मोजणी होऊन फेरफार नोंदला जाईपर्यंत त्या जमिनीवर कर्ज मिळत नाहीं, विहीर खोदण्यास हात उचलत नाहीं, भावाभावांच्या वांटण्या अडून राहतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानें, जो १ जानेवारी २०१४ पासून अमलांत आला, मोबदल्याची रक्कम पूर्वीपेक्षां बरीच वाढविली हें चांगलें झालें. परंतु पैसा हा जमिनीच्या बदल्याचा एकच भाग आहे. दुसरा भाग म्हणजे जमीन ज्या कामासाठीं दिली तें काम पुरें होणें. आष्टी, पाटोदा, शिरूर व बीड तालुक्यांतील शेतकऱ्यांस निदान आपल्या शेतांतून गाडी जातांना दिसली. वडवणी, धारूर व परळी तालुक्यांतील शेतकऱ्यांनींही तशाच जमिनी दिल्या. बीडला गाडी आली तेव्हां त्या भागांत मातीकाम व पुलांचीं कामें चालूं होतीं. तीं मंदावलीं तर त्यांच्या वांट्यास काय राहील ? शेतांतून गेलेला एक मातीचा बांध, आणि त्यावर वाढलेलीं बाभळीचीं झाडें. हा अन्याय होय, आणि तो टाळणें हें बीड शहराचेंही कर्तव्य आहे.

एक आक्षेप सरळपणें पुढें मांडला पाहिजे. या मार्गावर पुरेशी रहदारी नाहीं, सबब एवढा पैसा पुढें घालणें शहाणपणाचें नव्हे, असें कोणी म्हणेल. पहिलीं कांहीं वर्षें मार्ग तोट्यांत चालेल हें आम्ही मान्य करतों. पण ६४ टक्के मार्ग बांधून झाल्यावर उरलेला सोडण्यानें झालेला खर्च परत येत नाहीं; उलट झालेल्या खर्चाचेंही पूर्ण फळ मिळत नाहीं. ज्या उपसा योजनेच्या नळ्या दोन तृतीयांश शिवारांत पुरल्या, तिचा शेवटचा नळ महाग पडतो म्हणून ती तेथेंच थांबविणारा शहाणा कोणी पाहिला आहे काय ?

तरी पण रहदारीचा आक्षेप केवळ दृष्टांतानें उडवून देतां येत नाहीं. त्यास मालाच्या आंकड्यानेंच उत्तर दिलें पाहिजे. मालगाडीस झांकलेले सुमारें ४० डबे असतात व तींत सुमारें अडीच हजार टन माल मावतो. याचा अर्थ २५,००० क्विंटल. सोयाबीनचें उत्पन्न एकरीं ८ क्विंटल धरलें तर एक गाडी भरण्यास सुमारें ३,१०० एकरांचा माल एकत्र यावा लागेल. पांच-दहा एकरांच्या शेतकऱ्यानें एकट्यानें मालगाडीची भाषा करणें व्यर्थ आहे. पण तालुक्यांतील सोसायट्या, शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या व बाजारसमित्या यांनीं मिळून माल एकत्र केला तर हा आंकडा भिण्यासारखा नाहीं. सीताफळ व भाजीपाला यांसारख्या नाशवंत मालासाठीं दुसरी वाट आहे. २०२० च्या ऑगस्टांत देवळालीहून दानापूरकडे पहिली किसान रेल सुटली, तेव्हां निरनिराळ्या शेतकऱ्यांचा थोडा थोडा माल एकाच गाडींत घेतला जात असे. ती सवलत पुढें चालूं राहिली नाहीं. पण तसा प्रकार करतां येतो हें त्यावरून सिद्ध झालें. परत येतांना खत, सिमेंट व कोळसा यांचा माल मिळेल. बीड शहराच्या आसपास खत आजवर दूरच्या धक्क्यावरून ट्रकनेंच येत आलें आहे.

तेव्हां शेतकरी वर्गानें काय मागावें, हें स्पष्ट सांगतों.

पहिली मागणी, परळीपर्यंतच्या कामास मुदत जाहीर व्हावी, आणि दर तीन महिन्यांनीं किती किलोमीटर भराव, किती पूल व किती रूळ झाले याचा तक्ता जिल्हाधिकारी कचेरींत लोकांस पाहण्यास ठेवावा.

दुसरी, काम फक्त बीडकडून पुढें न नेतां परळीकडूनही रूळ टाकीत यावें. परळीस रेल्वे आधींच असल्यामुळें रूळ, खडी व स्लीपर तिकडूनही आणतां येतील. सिरसाळ्यापर्यंत गाडी लवकर चालूं होईल, आणि दोन्ही टोकें जवळ आलीं म्हणजे मधला तुकडा तसाच ठेवण्याची लाज कोणासही वाटेल.

तिसरी, बीड येथें आणि पुढें तेलगांव येथें मालधक्का, झांकलेली गोदी व वजनकाटा आतांच आंखून घ्यावा. तेलगांव हें माजलगांव व धारूर या दोन्ही तालुक्यांस सोईचें आहे. स्थानक बांधून झाल्यावर मालधक्क्यासाठीं पुन्हां जमीन घेणें हें शेतकऱ्यास व सरकारास दोघांसही महाग पडतें.

चौथी, नव्या मार्गावरील स्थानकें बहुधा गांवठाणाबाहेर पडतात. म्हणून प्रत्येक स्थानकापासून बाजाराच्या आवारापर्यंत लादलेला ट्रक जाईल असा रस्ता असावा, आणि गाडीच्या वेळेस एस. टी. मिळावी.

पांचवी, रुळाखालून जे शेतरस्ते काढले आहेत त्यांत पावसाळ्यांत पाणी सांचणार नाहीं अशी निकासी पुढील भागांत आधींच करावी, आणि झालेल्या भागांत ती दुरुस्त करावी.

या पांच मागण्यांपैकीं एकही राजकीय नाहीं. त्यांस कोणत्याही पक्षाच्या पुढाऱ्यानें हरकत घ्यावी असें त्यांत कांहीं नाहीं. मात्र मागणीबरोबर आपणही कांहीं काम केलें पाहिजे. ह्या मार्गाच्या दोहों बाजूंस जीं गांवें आहेत, त्या प्रत्येक गांवच्या सोसायटीनें आपल्या गांवांत कापूस, सोयाबीन, कांदा, तूर व सीताफळ यांचा किती माल दरवर्षी बाहेर जातो, तो कोणत्या महिन्यांत व कोणत्या बाजारास जातो, आणि वाहतुकीस क्विंटलमागें काय पडतें, एवढें एका कागदावर लिहून काढावें. पीकपेरा तलाठ्याकडे नोंदलेला असतोच. मालाच्या पट्ट्या शेतकऱ्यांजवळ असतात. हें काम एका सुगींत सहज होण्यासारखें आहे. असे शंभर गांवांचे कागद एकत्र झाले म्हणजे रेल्वेखात्यासमोर ठेवण्यास जें साधन होईल तें शंभर मोर्चांहून अधिक वजनदार ठरेल.

गाडी बीडला आली ही मोठी गोष्ट झाली, पण बीड हें तिच्या वाटेंतलें ठाणें आहे. परळीच्या रुळास ती मिळेल त्याच दिवशीं आष्टीच्या, वडवणीच्या व सिरसाळ्याच्या शेतकऱ्यानें दिलेल्या जमिनीची किंमत पुरी होईल. तोपर्यंत गांवोगांवच्या वाचकांनीं आपापले तक्ते तयार करून आपल्या संघाच्या कचेरीकडे पाठवावे, अशी आमची विनंती आहे.